जिच्यासाठी घंटा वाजली नाही : मिसोरा हिबारी

अबोली

योकोहामाला राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजी मला त्यांच्या कराओकेच्या मंडळात घेऊन गेल्या. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. एकेक जण उठून गायची, बाकीच्या टाळ्यांनी ठेका धरायच्या, मध्येच चहा, तांदळाची बिस्किटं. मग एका आजींनी एक गाणं लावलं आणि टाळ्या थांबल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. गाणं संपल्यावर मी विचारलं, हे कुणाचं? "हिबारी-चानचं." चान म्हणजे लहान मुलीला लाडाने लावायचं संबोधन. बावन्नाव्या वर्षी गेलेल्या बाईला सत्तरीतल्या बायका अजून 'चान' म्हणत होत्या. तेव्हापासून मी तिची गाणी ऐकते आहे, जमेल तसं वाचते आहे. मराठीत तिच्याबद्दल माझ्या वाचनात फारसं आलं नाही, म्हणून हा धागा.

खरं नाव कातो काझुए. मिसोरा म्हणजे सुंदर आकाश आणि हिबारी म्हणजे चंडोल, हे रंगमंचावरचं नाव. जन्म २९ मे १९३७, योकोहामाच्या इसोगो भागातला. वडिलांचं मासळीचं दुकान. १९४३ मध्ये वडिलांना नौदलात बोलावणं आलं. घरी निरोपाला माणसं जमली होती, तिथे सहा वर्षांच्या काझुएने युद्धात मुलगा गमावलेल्या आईचं एक गाणं म्हटलं. जमलेली माणसं रडायला लागली. तिच्या आईने, किमिएने, ते पाहिलं आणि आपल्या लेकीत काय आहे ते तिला त्या दिवशी कळलं. पुढची सगळी गोष्ट या मायलेकींची आहे.

१९४५ साली २९ मेलाच, म्हणजे तिच्या आठव्या वाढदिवशी, अमेरिकेच्या पाचशेहून जास्त बी-२९ बॉम्बफेकी विमानांनी भरदिवसा योकोहामा जाळलं. युद्ध संपलं, वडील परत आले. आईने आसपासच्या वाजवणाऱ्या माणसांना गोळा करून एक छोटा वाद्यवृंद उभा केला आणि पोरीला गायला उभं केलं.

आता शीर्षकातल्या घंटेबद्दल. १९४६ च्या जानेवारीत एनएचके या जपानच्या सार्वजनिक रेडिओने हौशी गायकांची स्पर्धा सुरू केली. गाणं पसंत पडलं तर घंटा वाजायची. नऊ वर्षांची काझुए लाल झगा घालून गेली आणि तेव्हा घरोघरी म्हटलं जाणारं सफरचंदाचं गाणं गायली. उत्तम गायली. घंटा मात्र वाजली नाही. परीक्षकांचं म्हणणं होतं, गाते छान, पण हे लहान मुलीसारखं नाही. मुलांना कसलं वळण लावतंय हे? लाल झगाही त्यांना खटकला.

मी या प्रसंगाशी बराच काळ अडून बसले होते. त्या माणसांची मनं दुष्ट नव्हती. नुकत्याच हरलेल्या देशात निदान मुलांनी तरी मुलांसारखं असावं, असं त्यांना वाटलं असणार. पण त्याच वेळी स्टेशनांच्या बोगद्यांमध्ये आई-बाप नसलेली हजारो मुलं झोपत होती, अमेरिकन सैनिकांचे बूट पुसून पोट भरत होती. ती मुलं लहान मुलांसारखी नव्हतीच. काझुएच्या गळ्यातून जे येत होतं ते त्यांचं वय होतं. ऐकणाऱ्यांना ते कळलं, परीक्षकांना पेलवलं नाही, असं मला वाटतं.

त्या काळात बुगी-वुगी या अमेरिकी नाचगाण्याचं वेड होतं आणि त्याची राणी होती कासागी शिझुको. हिबारी तिची हुबेहूब नक्कल करायची, लोक तिला 'बेबी कासागी' म्हणायचे. हे कासागी आणि तिचे संगीतकार हात्तोरी र्‍योइची यांना आवडलं नाही आणि त्यांच्या गाण्यांवर तिला बंधनं आली. एका नामांकित कवीने तर वर्तमानपत्रात तिच्याविरुद्ध कडक शब्दांत लिहिलं. तिच्यासाठी ते बरंच झालं, कारण आता स्वतःची गाणी लागणार होती. १९४९ मध्ये, तिच्या बाराव्या वर्षी, कोलंबिया या तबकडी कंपनीने तिची पहिली तबकडी काढली. त्याच वर्षी 'कानाशिकी कुचिबुए' (उदास शीळ) हा चित्रपट आणि त्याचं गाणं आलं. त्यात ती रस्त्यावर राहणारी अनाथ पोर आहे. उंच काळी टोपी, लांब शेपटीचा कोट, हातात काठी आणि गळ्यात तो खर्जाकडे झुकलेला आवाज. तबकडीच्या साडेचार लाख प्रती गेल्या, त्या वेळी तो विक्रम होता. योकोहामाच्या नोगे भागात आज तिचा पुतळा आहे तो याच पोशाखात. मी भाजी आणायला जाते त्या वाटेवर तो लागतो.

१९५० साली 'टोकियो किड्डो' हा चित्रपट, पुन्हा रस्त्यावरची मुलगी. त्याच वर्षी तेराव्या वर्षी हवाई आणि अमेरिकेचा दौरा. अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या जपानी वंशाच्या सैनिकांच्या स्मारकासाठी तो निधी गोळा करायचा होता. पाच वर्षांपूर्वी तिचे वडील समोरच्या बाजूच्या नौदलात होते. १९५२ मध्ये 'रिंगो ओइवाके' हे गाणं आलं, त्याच्या सात लाख प्रती खपल्या. त्याच वर्षी ती काबुकी-झा या पारंपरिक काबुकी नाटकांच्या रंगमंदिरात गायली. तोवर लोकप्रिय गाणी गाणाऱ्या कुणा गायिकेला तो मंच मिळाला नव्हता.

बाकीचं आयुष्य एका दमात लिहायला जमणार नाही, तुम्ही विचाराल तसं लिहीन.

जुना_ट्रान्झिस्टर

अबोलीताई, सकाळी उठल्या उठल्या वाचलं आणि गाणी शोधून ऐकली. भाषेचं एक अक्षर कळत नाही, तरी 'रिंगो ओइवाके' तीनदा लावलं. मध्ये ती गाणं थांबवून बोलते, ते काय आहे?

लता मंगेशकरांची आठवण येणं अपरिहार्य आहे. १९४२ मध्ये दीनानाथ गेले आणि तेराव्या वर्षाच्या आत लताबाईंच्या खांद्यावर घर आलं. पुढे मुंबईत एका मोठ्या निर्मात्याने 'आवाज फार पातळ' म्हणून त्यांना नाकारलं. इकडे हिबारीला आवाज वयापेक्षा मोठा म्हणून नाकारलं. ज्या आवाजांना पुढे अख्ख्या देशाने आपलं मानलं, ते दोन्ही आधी मापात बसले नव्हते.

अबोली

@जुना_ट्रान्झिस्टर, ते बोलणं त्सुगारू बोलीतलं आहे. त्सुगारू म्हणजे मुख्य बेटाचं उत्तरेचं टोक, सफरचंदाच्या बागांचा मुलूख. मे महिन्यात सफरचंदाला फुलं येतात, त्या दिवसांत गेलेल्या आईची आठवण काढणारी मुलगी बोलते आहे. हे गाणं मुळात एका रेडिओ नाटकासाठी केलेलं.

लताबाईंशी साम्य मलाही दिसलं होतं. पण एक मोठा फरक आहे. लताबाई पडद्यामागे होत्या. हिबारी कायम पडद्यावर आणि रंगमंचावर, चेहऱ्यासकट. दीडशेहून अधिक चित्रपट केले तिने. लोकांनी तिला मोठं होताना डोळ्यांनी पाहिलं. १३ जानेवारी १९५७ ला असाकुसाच्या कोकुसाई रंगमंदिरात कार्यक्रम चालू असताना एका एकोणीस वर्षांच्या चाहतीने तिच्या चेहऱ्यावर हायड्रोक्लोरिक अॅसिड फेकलं. हिबारीही तेव्हा एकोणीसचीच. इतकं प्रेम की द्वेष व्हावा. चेहऱ्यावर व्रण राहिले नाहीत हे नशीब. काही आठवड्यांत ती पुन्हा रंगमंचावर होती.

मंद्रसप्तक

थोडं गाण्याबद्दल लिहितो, कारण हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांना इथे खूप ओळखीचं सापडेल.

या काळातल्या जपानी लोकप्रिय गाण्यांचा पाया 'योनानुकी' नावाच्या पाच सुरांवर आहे. शब्दशः अर्थ, चौथा आणि सातवा वगळून. शुद्ध सप्तकातून मध्यम आणि निषाद काढा, काय उरतं? सा रे ग प ध. आपला भूप! दुःखाच्या गाण्यांना दुसरा प्रकार, त्यात सा रे, कोमल गंधार, पंचम आणि कोमल धैवत. शिवरंजनी घ्या आणि धैवत खाली उतरवा. शिवरंजनी आधीच व्याकूळ, त्यात हा धैवत म्हणजे विचारायलाच नको. संगीतकार कोगा मासाओ यांच्या चालींतून हा रंग सतत भेटतो.

आता हिबारीचा गळा. दोन गोष्टी नीट ऐका. पहिली, 'कोबुशी'. स्वर जागेवर पोचायच्या आधी किंवा सुटताना घेतलेला छोटा मुरका. आपल्याकडे हरकत-मुरकी तशीच, पण आपण ती बहुधा शब्दाच्या मध्ये फुलवतो, ती शेवटी मुठीसारखी आवळते. दुसरी, भरदार आवाजातून एकदम पातळ, उंच, चोरट्या आवाजात जाणं. बहुतेक गायकांची ही जोडणी लपवण्याची धडपड असते. हिबारी ती उघडी ठेवते. आवाज जिथे मोडतो तिथेच तिचं गाणं आहे. 'रिंगो ओइवाके'च्या सुरुवातीच्या लांब आलापात हे चौदा-पंधरा वर्षांची पोर करते आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

आणि ती फक्त असं रडवणारंच गायली असं समजू नका. १९६५ मध्ये नॅट किंग कोल वारल्यावर तिने त्यांच्या गाण्यांची अख्खी तबकडी केली. इंग्रजी तिला येत नव्हतं, कानाने टिपून गायली. लय इतकी सैल आणि नेमकी की ही तीच बाई यावर विश्वास बसत नाही.

रानजाई

@मंद्रसप्तक, भूपाचं वाचून पेटी काढली! खरंच बसतंय.

मी पुण्यात जपानी शिकले. आमच्या बाई वर्षाच्या शेवटी वर्गाला एक गाणं शिकवायच्या, 'कावा नो नागारे नो यो नी', नदीच्या प्रवाहासारखं. सोप्या शब्दांचं आहे म्हणून निवडत असतील. ते हिबारीचं आहे, एवढंच माहीत होतं. आज कळलं ती कोण ते.

तळटीप

लेख मनापासून लिहिलाय, पण एक बाजू राहिली. हिबारीच्या मागे यामागुची-गुमी या टोळीचा म्होरक्या ताओका काझुओ उभा होता, हे उघड होतं. तिच्या धाकट्या भावाला अटका झाल्या. याकुझाच्या, म्हणजे अशा संघटित गुन्हेगारी टोळ्यांच्या, पैशावर आणि धाकावर उभी राहिलेली कारकीर्द आपण इतक्या हळवेपणाने पाहावी का?

अबोली

@तळटीप, प्रश्न योग्य आहे. मी टाळत नव्हते, सवडीने लिहिणार होते.

युद्धानंतरच्या जपानमध्ये गावोगावी कार्यक्रम करायचा तर तिथल्या टोळ्यांशिवाय तंबूही लागत नसे. कुस्त्या, जत्रा, गाण्याचे दौरे, सगळ्यांच्या जागा त्यांच्या हातात. ताओकाने तर कोबेला मनोरंजनाची रीतसर कंपनी काढली होती आणि हिबारीचे कार्यक्रम तिच्याकडे होते. एकटी हिबारीच नव्हे, त्या काळातले कितीतरी कलावंत याच वाटेने गेले. पण तिचं नातं धंद्यापुरतं नव्हतं, ती त्याला वडिलांच्या जागी मानायची. १९६२ मध्ये नट कोबायाशी आकिराशी लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलं, त्या सगळ्यातही ताओका होता.

हे सगळं चूक होतंच. ते लपवून मला तिच्यावर प्रेम करायचं नाही. पण शिक्षेचं माप मला खटकतं. १९६३ ते १९७२ अशी सलग दहा वर्षं एनएचकेच्या कोहाकू कार्यक्रमात बायकांच्या बाजूचं शेवटचं, मानाचं गाणं तिचं होतं. कोहाकू म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री सगळं जपान घरी बसून पाहतं तो कार्यक्रम. १९७३ मध्ये भावाच्या प्रकरणावरून गावोगावच्या सरकारी सभागृहांनी तिला दारं बंद केली आणि त्या वर्षी कोहाकूतही तिचं नाव नव्हतं. तिच्यापुढे एक सोपी वाट होती, भावाला आपल्या कार्यक्रमांतून काढून टाकायचं. मायलेकींनी ते केलं नाही. याला कुणी हट्ट म्हणेल. ज्या घराने एका पोरीच्या गळ्यावर आपलं सगळं रचलं, त्या घराला एकमेकांना सोडणं जमलं नसावं, असं मला वाटतं. जपानी वर्तमानपत्रं या दोघींना 'एकाच बीजातून जन्मलेल्या मायलेकी' म्हणायची. एकसारखी जुळी असतात ना, तशा.

तळटीप

पटलं, निदान अर्धं. शिक्षा जास्त होती हे मान्य. पण भावाला बाजूला न करणं हा माझ्या दृष्टीने तिचा दोषच.

अबोली

मान्य. आणि त्याची किंमत तिने मोजली, म्हणून पुढचं सांगते. १९८१ मध्ये आई गेली. १९८२ मध्ये एरी चिएमी गेली, वय फक्त पंचेचाळीस. एरी, युकिमुरा इझुमी आणि हिबारी, या तिघी एकाच वयाच्या. १९५५ पासून तिघींचे एकत्र चित्रपट आले आणि जपानने त्यांना 'सान्निन मुसुमे', तिघी पोरी, म्हणून डोक्यावर घेतलं होतं. १९८३ मध्ये तो भाऊ गेला, १९८६ मध्ये दुसरा. दोघेही बेचाळिसाव्या वर्षी. पाच वर्षांत घर रिकामं झालं. उरला भावाचा मुलगा, ज्याला तिने दत्तक घेतलं होतं.

ती दारू प्यायची आणि ते वाढलं. एप्रिल १९८७ मध्ये फुकुओकाला रुग्णालयात दाखल झाली. यकृत निकामी होत आलं होतं आणि दोन्ही खुब्यांच्या हाडांची टोकं रक्त न मिळाल्याने मरत चालली होती. उभं राहणंही यातनेचं. ऑगस्टमध्ये ती घरी आली आणि ११ एप्रिल १९८८ ला, नुकत्याच बांधलेल्या टोकियो डोममध्ये, पन्नास हजार लोकांसमोर जवळजवळ चाळीस गाणी गायली. कार्यक्रमाचं नाव 'फुशिचो', राखेतून उठणारा पक्षी. रंगमंचाच्या मागे रुग्णवाहिका तयार होती. शेवटी साधारण शंभर मीटर लांबीची एक वाट तिला चालून जायची होती. तिचं चित्रण आहे. ती हसते आहे, हात हलवते आहे आणि प्रत्येक पाऊल ठेवताना पायाकडून परवानगी घेते आहे. मला ते पुन्हा पाहवत नाही.

शेजारच्या आजींना विचारलं, तुम्ही तेव्हा गेला होता का? म्हणाल्या, "तिकीट नाही मिळालं. घरी दूरदर्शनसमोर बसून ती चालत होती तेवढा वेळ मीही उभी राहिले."

जुना_ट्रान्झिस्टर

आजींचं वाक्य वाचून थांबलो.

ज्या गाण्यामुळे कराओकेतल्या टाळ्या थांबल्या, ते कुठलं ते तुम्ही सांगितलंच नाही.

अबोली

'कानाशिइ साके', दुःखाची दारू. १९६६, चाल कोगांची. आधी दुसऱ्या एका गायकाने गायलं होतं, ते मागे पडलं. हिबारी जशी वयाने वाढत गेली तसं तिने हे गाणं अधिकाधिक संथ केलं. रंगमंचावर गाताना गालांवरून पाणी वाहायचं, पण सूर तसूभर हलायचा नाही. मंद्रसप्तक, रडत रडत सुरात राहणं शक्य असतं का हो? मला कायम प्रश्न पडतो.

मंद्रसप्तक

गळा भरून आला की स्वरयंत्र आवळतं, श्वास तुटतो. त्यामुळे अवघडच. डोळ्यांतून पाणी येऊ द्यायचं आणि ते गळ्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, याला आयुष्याची सवय लागते. सहाव्या वर्षापासून ती दुसऱ्यांना रडवत होती, स्वतः सुरात राहून.

एक भर घालतो. त्या स्पर्धेच्या सुमारास कोगा मासाओंनी लहानग्या काझुएचं गाणं ऐकून तिला शाबासकी दिली होती. घंटा वाजली नाही तेव्हा ज्यांनी धीर दिला, त्यांनीच पुढे तिला 'यावारा' दिलं (१९६४, टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदो आला त्या साली) आणि त्या गाण्याला १९६५ चा रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. आणि हे 'कानाशिइ साके'ही त्यांचंच.

अबोली

हे मला माहीत असून जोडता आलं नव्हतं. धन्यवाद.

पैलतीर

मी फुकुशिमाच्या इवाकी शहरात कामानिमित्त दोन वर्षं होतो. तिथे शिओयाझाकीचा दीपस्तंभ आहे. रुग्णालयातून परतल्यावर तिने गायलेलं 'मिदारेगामी' (विस्कटलेले केस) याच किनाऱ्यावर घडतं. खाली तिचं स्मारक आहे, तिथे ते गाणं वाजतं. मार्च २०११ च्या त्सुनामीत दोन्ही बाजूंची वस्ती वाहून गेली, स्मारक मात्र राहिलं. मी गेलो तेव्हा वाऱ्यात गाणं अर्धंच ऐकू येत होतं. एक जोडपं मोटारीतून उतरलं, त्यांनी गाणं पूर्ण होईपर्यंत टोप्या हातात धरल्या आणि निघून गेले.

शेवंती

२०१९ मध्ये संगणकाकडून तिचा आवाज तयार करून नवं गाणं गाऊन घेतलं, ते पाहिलंय का कुणी? त्या वर्षीच्या कोहाकूतही दाखवलं होतं. प्रेक्षकांतली माणसं रडत होती.

रानजाई

पाहिलंय. आवाज जवळ जातो, खरंच जातो. पण मध्ये ती प्रेक्षकांशी बोलते, 'बऱ्याच दिवसांनी भेटतोय' अशा अर्थाचं, तिथे मला ते सहन झालं नाही. गाणं एक वेळ चालेल. पण जे ती बोललीच नाही ते तिच्या तोंडी? जपानमध्येही एका नामवंत संगीतकाराने याला विटंबना म्हटलं होतं.

अबोली

मी रानजाईच्या बाजूने. तिने स्वतः दीड हजार गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत, तीच ऐकून संपत नाहीत.

आणि शेवटचं गाणं कुठलं असावं हे तिने स्वतः ठरवलं होतं. आकिमोतो यासुशी नावाच्या तरुण गीतकाराने न्यू यॉर्कला ईस्ट रिव्हरकडे पाहत लिहिलेलं, रानजाईंच्या बाईंनी शिकवलं ते. कंपनीला दुसरंच गाणं सुटं काढायचं होतं. हिने आग्रह धरला, हेच. ११ जानेवारी १९८९ ला ते आलं. चार दिवस आधी सम्राट हिरोहितो वारले होते आणि शोवा युग संपलं होतं. ७ फेब्रुवारीला कोकुराला शेवटचा कार्यक्रम, २४ जूनला फुप्फुसांच्या आजाराने ती गेली. जुलैमध्ये सरकारने राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला, तो मिळालेली ती पहिली स्त्री.

पैलतीर

अबोलीताई, पुढच्या महिन्यात टोकियोला येतोय. तिची समाधी योकोहामातच आहे ना? जाता येईल का?

अबोली

हो, हिनोच्या सार्वजनिक दफनभूमीत, कोनान भागात. डोंगरउतारावर आहे, चालायची तयारी ठेवा. येण्याआधी निरोप टाका. शेजारच्या आजींना मी कधीपासून म्हणतेय एकदा जाऊ या, पण त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. तुमची मोटार असेल तर त्यांनाही घेऊन जाऊ.